विटांवरची पद्मिनी

पत्र थोडक्यात: सातारा जिल्ह्यातल्या एका वाचकाकडे त्यांच्या वडिलांची १९८६ सालची प्रीमियर पद्मिनी आहे. वडील दोन वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून गाडी अंगणातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी आहे. डिकीत वडिलांची हत्यारं त्यांच्याच जुन्या पंच्यात गुंडाळलेली सापडली आणि यांनी ठरवलं की ब्रेक, पुढचे शॉकअप, मागचे पाटे (लोखंडी पट्ट्यांच्या स्प्रिंगा) आणि सायलेन्सर ही कामं आपल्याच हाताने करायची. जवळ आहेत ते गाडीबरोबर आलेला जुना जॅक, शेजाऱ्यांचा बॉटल जॅक आणि बांधकामातून उरलेले सिमेंटचे पोकळ ठोकळे. वडील विटांवरच गाडी चढवायचे. गावातले मिस्त्री म्हणतात, ‘चाळीस वर्षं विटांवर कामं केली, कधी काही झालं नाही.’ पत्नीचा मात्र ठाम विरोध आहे. ती म्हणते, ‘खाली शिरायच्या आधी माझ्यासमोर गाडी गदागदा हलवून दाखवा.’ १५ वर्षांचा मुलगा हाताखाली काम करायला उत्सुक आहे. वाचक विचारतात, ‘किती टनांचा जॅक घेतला म्हणजे निर्धास्तपणे खाली जाता येईल? आणि बायकोच्या मनातली भीती कशी घालवू?’

नमस्कार,

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो. ती भीती घालवू नका. तुमच्या पत्रात गाडीविषयी जे जे लिहिलंय त्यात सगळ्यांत नेमकं वाक्य तुमच्या पत्नीचं आहे. गाडी टेकूवर ठेवल्यावर आणि अंगाचा एकही भाग खाली जाण्याआधी ती दोन्ही हातांनी जोर लावून हलवून पाहायची, हीच परीक्षा मी आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकच्या मुलांना तीस वर्षं शिकवली. वहिनींना ती कुणी शिकवली नसावी, आपसूक सुचली असावी. तेव्हा त्यांची समजूत काढत बसू नका. हे काम त्यांच्याच हाती सोपवा. त्यांनी गाडी हलवल्याशिवाय तुम्ही खाली जायचं नाही, असं दोघांत ठरवून टाका.

आता टनांचं. पद्मिनीचं वजन साधारण ९०० किलो. एका बाजूची दोन चाकं उचलायची म्हणजे साडेचारशे-पाचशे किलोंचा भार. शेजाऱ्यांचा बॉटल जॅक दोन टनांचा असला तरी ताकदीत कुठेच कमी पडणार नाही. पण तो दहा टनांचा असता तरी माझं उत्तर तेच राहिलं असतं. जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नाही.

यामागचं कारण नीट समजून घ्या, कारण ते एकदा कळलं की बाकीच्या अर्ध्या गोष्टी तुमच्या तुम्हालाच सुचतील. बॉटल जॅक गाडी धरतो म्हणजे त्यातलं तेल गाडी धरतं. ते तेल अडलेलं असतं एका रबरी सीलमुळे आणि तळाशी असलेल्या छोट्या स्क्रूसारख्या झडपेमुळे. सील जुनं झालं की तेल झिरपतं. कधी गाडी तासाभरात बोटभर खाली येते, कधी सील एकदम दगा देतं. कुणाचा पाय दांड्याला लागला आणि झडप अर्धा आटा फिरली तरी गाडी खाली. शिवाय बॉटल जॅकचा तळ तळहाताएवढा आणि उंची त्याहून कितीतरी जास्त, म्हणजे तो कलंडायला टपलेलाच. गाडीबरोबर येणाऱ्या आट्यांच्या जॅकमध्ये तेल नसतं, त्यामुळे तो झिरपत नाही. पण तो रस्त्याच्या कडेला स्टेपनी बदलण्यापुरताच बनवलेला असतो. गाडी कडेला जराशी ढकलली गेली तरी तो आडवा होतो.

घोडीचं, म्हणजे जॅक स्टँडचं, तसं नसतं. तिचे चार पाय पसरलेले असतात आणि वजन तेलावर न पडता लोखंडावर पडतं, दातेरी दांड्यात अडकलेल्या खिट्टीवर किंवा भोकातून आरपार गेलेल्या पिनेवर. जॅकने उचलायचं, घोडीवर ठेवायचं. ही दोन कामं दोन वेगळ्या वस्तूंची आहेत, आणि तुमच्या यादीत दुसरी वस्तूच नाही. म्हणून टन विचारण्याआधी प्रत्येक टप्प्यावर स्वतःला एकच विचारा, ‘आत्ता हे सुटलं, तर गाडी धरायला दुसरं काय आहे?’

आणि घोडी लोखंडाची आहे म्हणून तिच्यावरही डोळे मिटून विसंबू नका. २०२० साली अमेरिकेत हत्यारं विकणाऱ्या एका मोठ्या कंपनीला आपल्या लाखो घोड्या परत मागवाव्या लागल्या, कारण दातेरी दांड्यातली खिट्टी निसटण्याचा धोका निघाला. त्या बदल्यात लोकांनी घेतलेल्या घोड्यांपैकी काहींच्या वेल्डिंगमध्येही दोष सापडला. म्हणून मला स्वतःला आरपार पिनेची घोडी जास्त आवडते. पीन पूर्ण आत गेली आहे का, हे डोळ्यांना दिसतं. घेताना वेल्डिंग बघा, चारही पाय सपाट फरशीवर टेकतात का बघा. त्यावर लिहिलेले टन एका घोडीचे की जोडीचे हे दुकानदाराला विचारू नका, लेबलवर स्वतः वाचा.

आता विटा आणि ठोकळे. इथे मला थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण वडील ज्या पद्धतीने काम करायचे तिला नावं ठेवणं तुम्हाला जड जातंय, हे पत्रातून जाणवतं. वडिलांची चूक काढायची नाही. त्यांच्या काळी तालुक्याच्या गावात घोडी विकत मिळणंच मुश्कील होतं, असेल त्यात ते भागवत होते. तुमच्यापुढे ती अडचण नाही.

सिमेंटचा ठोकळा भिंतीत शेकडो किलो पेलतो हे खरं. पण भिंतीत त्याच्यावर वजन सगळीकडून सारखं येतं. गाडीखाली ते लोखंडाच्या एका अरुंद कडेवरून एकाच जागी येतं. तिथे ठोकळा वाकत नाही, चेपत नाही, आवाजही करत नाही. तो एकदम फुटतो. आडवा ठेवलेला असेल, म्हणजे पोकळ्या बाजूला, तर आणखीच लवकर. भाजलेली वीटही तशीच दुभंगते. हल्ली बांधकामात येणारे हलके पांढरट-राखाडी ठोकळे तर खिळ्याने कोरले जातात, त्यांचा विचारही करू नका. लाकूड मात्र वेगळं वागतं. जड आणि सरळ रेषांचं लाकूड आधी चेपतं, करकरतं, तुम्हाला बाहेर पडायला वेळ देतं. घोडीच्या जोडीला दुसरा आधार हवा म्हणून वखारीतून बाभळीचे सारख्या मापाचे ठोकळे कापून आणा आणि दोन लांबीत आडवे, त्यावर दोन रुंदीत आडवे अशी चौकट रचत न्या. रचलेल्या चौकटीची उंची तिच्या तळाच्या रुंदीपेक्षा जास्त होऊ देऊ नका.

मिस्त्रींच्या चाळीस वर्षांबद्दल माझा एक अनुभव सांगतो. शिकवायला लागण्याआधी मी एका गॅरेजमध्ये होतो. तेवीस वर्षांचा. एका दुपारी गिअरबॉक्स उतरवायला गाडीखाली आडवा झालो होतो, एका बाजूला बॉटल जॅक, दुसऱ्या बाजूला विटा. गंजलेला एक बोल्ट निघेना म्हणून पाना दोन्ही हातांनी हिसकला आणि गाडी आली. वीट फुटल्याचा आवाज मी ऐकला तेव्हा पत्रा माझ्या छातीला टेकलेला होता. टेकला आणि थांबला. कारण सकाळी कुणीतरी काढलेलं एक चाक तिथेच दाराखालच्या पट्टीखाली आडवं पडलं होतं, गाडी त्याच्यावर बसली. ते चाक कुणी विचार करून ठेवलं नव्हतं. उचलून भिंतीला लावायचा कंटाळा केला होता, एवढंच. त्या दिवसापर्यंत मलाही ‘कधी काही झालं नाही’ असंच वाटायचं. मिस्त्रींचा अनुभव मोठाच आहे, इंजिनाच्या बाबतीत त्यांचं जरूर ऐका. पण ज्याच्या अंगावर गाडी आली तो मिस्त्री हे वाक्य सांगायला आज तुमच्या समोर बसलेला नसतो.

तेव्हापासून काढलेलं प्रत्येक चाक मी गाडीच्या पोटाखाली, दाराखालच्या पट्टीच्या आत आडवं सरकवून ठेवतो. शक्य असेल तिथे दोन, एकावर एक. याला पैसे लागत नाहीत. तुम्हीही ठेवा.

आता जमीन. अंगणात शहाबादी फरशी आहे, असं तुम्ही ओझरतं लिहिलंय, पण मला तेच वाचून धडकी भरली. जुन्या अंगणातल्या शहाबादीखाली बऱ्याच ठिकाणी माती धुऊन पोकळी झालेली असते. चालताना कळत नाही, घोडीच्या पायाखाली मात्र ती फरशी तडकते. वाळूवर बसवलेले पेव्हर ब्लॉकही असेच एका बाजूने खचतात, आणि वैशाखातल्या दुपारी डांबरात जॅक रुततो. फरशीवर हातोडीने ठोकून पाहा, बद्द आवाज आला तर तिथे काम नाही. सगळ्यांत बरं म्हणजे शेडमध्ये गाडीएवढी जागा सपाट काँक्रीटची करून घ्या. पावसाच्या पाण्यासाठी उतार द्यायचा मोह गवंड्याला होईल, त्याला आधीच सांगा.

उतार नसला तरी चाकांना पाचर हवीच. पद्मिनीची मागची चाकं गाडी ओढतात. म्हणजे गाडी गिअरमध्ये ठेवली तर फक्त मागची चाकं अडतात. मागचं एक चाक उचललं की डिफरन्शिअलमुळे, म्हणजे दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरमुळे, ते हवेत मोकळं फिरतं आणि जमिनीवरचं दुसरं चाक गडगडू शकतं. ‘गिअरमध्ये आहे, हँडब्रेक ओढलाय’ हा भरवसा मागचं टोक उचलताक्षणी संपतो. घाटात ट्रक थांबला की क्लीनर पहिला उतरून चाकामागे दगड लावतो ना, तसं जमिनीवर राहणाऱ्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून लाकडी पाचरा ठोका. दगड नको, तो निसटतो.

जॅक घ्यायचाच तर चाकांचा ट्रॉली जॅक घ्या. एक गोष्ट मात्र त्याच्याबद्दल फार जणांना माहीत नसते. त्याचा हात वर जाताना सरळ जात नाही, कमानीत जातो. त्यामुळे गाडी वर जाते तसा जॅक थोडा सरकायला हवा. फरशीच्या सांध्यात त्याची चाकं अडली तर वरची वाटी गाडीवरून घसरते. उचलताना नजर दांड्यावर ठेवू नका, जॅकची चाकं आणि वाटी दोन्हींवर ठेवा.

मग टेकू कुठे द्यायचा? चाळीस वर्षांच्या पद्मिनीत हाच खरा प्रश्न आहे. या गाडीला वेगळी चासी नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते, आणि दाराखालच्या पट्ट्या आणि पायाखालचा पत्रा आतून कुजतो. बाहेरून रंग चकचकीत असतो. आधी बोथट स्क्रूड्रायव्हरने ठोकत, टोचत जा. पोकळ, चुरचुरीत आवाज आला तर तिथे ना जॅक ना घोडी. माझी एक सवय सांगतो. गाडी वीतभरही वर न नेता चाक जमिनीपासून जेमतेम सुटेल एवढीच उचलायची, खाली कुणी नसताना दार हळूच उघडून लावून पाहायचं. जमिनीवर नीट लागणारं दार आता अडत असेल तर बॉडी वाकते आहे. अशा गाडीला आधी पत्राकामवाल्याकडे न्या, ब्रेकचं नंतर बघू.

मागच्या बाजूला अॅक्सलचं हौसिंग, म्हणजे मागच्या दोन चाकांमधलं लोखंडी कवच, भक्कम असतं. घोड्या त्याच्या नळीखाली, दोन्ही टोकांना, पाट्यांच्या जवळ लावा. वरून जाणारी ब्रेकची बारीक नळी चेपणार नाही एवढं पाहा. पाटेच काढायचे असतील तर मात्र अॅक्सल मोकळा लोंबतो, तेव्हा घोड्या बॉडीखाली, पाट्याचं पुढचं टोक जिथे बसवलंय त्या मजबूत जागी द्याव्या लागतात. ती जागा शाबूत आहे याची खात्री तुमची तुम्हाला झाली नाही तर पाट्यांचं काम घरी करू नका. पुढे सस्पेन्शन ज्या आडव्या तुळईला बसवलेलं असतं तिच्याखाली आधार द्या. इंजिनाखालच्या तेलाच्या चेंबरखाली कधीच नाही, गिअरबॉक्सखाली नाही. पुढचे शॉकअप बदलताना सस्पेन्शनच्या खालच्या हाताचे (लोअर आर्मचे) बोल्ट सोडायचा विचार करू नका. दाबलेली कॉइल स्प्रिंग सुटली तर ती गोळीसारखी येते आणि तिथे घोडी कामाची नाही.

आता पुन्हा तुमच्या पत्राकडे. ‘सगळं स्वतःच्या हाताने’ हे तुम्ही तीनदा लिहिलंय. वडिलांच्या गाडीला परक्याचा हात लागू नये असं वाटणं मला समजतं. पण तुमची चार कामं वेगवेगळी करून पाहू या. पद्मिनीला चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत. ड्रम उतरवणं, लायनर बदलणं, व्हील सिलिंडर बघणं, हे सगळं चाकाशेजारी पाटावर बसून होतं, गाडीखाली डोकंसुद्धा घालावं लागत नाही. घोड्या तरीही हव्यातच. हे काम तुम्ही आणि मुलाने मिळून जरूर करा, एका वेळी एकच टोक उचलून. आतली काळी पूड कॉम्प्रेसरने उडवू नका, जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असू शकतं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं टाकून द्या.

सायलेन्सर आणि पाटे मात्र पूर्ण खाली जाऊन करायची कामं आहेत आणि तिथले बोल्ट चाळीस वर्षांचे गंजलेले असणार. माझ्यावर गाडी आली ती अशाच बोल्टमुळे. लांब दांड्याने हिसके देऊन उचललेली गाडी बाजूला ओढली जाते. ही दोन कामं साताऱ्यात किंवा कराडला ज्या गॅरेजमध्ये खांबांची लिफ्ट आहे तिथे करून घ्या असं माझं मत आहे. त्यांना मोकळेपणाने विचारा, ‘मी शेजारी उभा राहीन, पाना मला धरू द्या.’ जुन्या फियाटवर प्रेम करणारा मिस्त्री सहसा नाही म्हणत नाही. काळ्या-पिवळ्या पद्मिनी २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईच्या रस्त्यांवरून नियमाने उतरल्या तेव्हापासून या गाडीवर हात बसलेले मिस्त्री कमीच होणार आहेत. त्यांच्याजवळ उभं राहून शिकणं हेसुद्धा वडिलांची गाडी जपणंच आहे. घरी करायचंच ठरवलंत तर आदल्या रात्री बोल्टांना डिझेल लावून ठेवा, आणि न सुटणाऱ्या बोल्टशी खाली झोपून झगडू नका.

शेडमध्ये खड्डा खणून घ्यावा, असं कुणीतरी सुचवेलच. नको. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती खड्ड्यात साठते आणि जुन्या कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोल कुठून ना कुठून पाझरतच असतं.

मुलाबद्दल. त्याला खाली पाठवू नका, तुम्ही खाली असताना गाडीत बसू देऊ नका, गाडीला टेकून उभंही राहू देऊ नका. पण त्याला दूर ठेवू नका. त्याचं काम ठरवून द्या. तुम्ही खाली असेपर्यंत त्याने जवळ उभं राहायचं, फोन हातात, दुसरा जॅक शेजारी तयार. गाडी अंगावर आली तर माणूस ओरडू शकत नाही, हे त्याला सांगा. छातीवर दीड-दोनशे किलो आले की हाड मोडो न मोडो, श्वासच घेता येत नाही, आणि हातात मिनिटं फार थोडी असतात. हाताने गाडी उचलायला धावायचं नाही. जॅक लावायचा, गाडी वर घ्यायची, आईला १०८ ला फोन करायला सांगायचं. एकदा रिकाम्या गाडीवर हे करून घ्या. घरी कुणी नसताना त्या शेडमध्ये गाडी उचलायची नाही, हे तुम्हालाही लागू आहे.

रविवारी सकाळी काम असं सुरू करा. चाक जमिनीवर असतानाच नट पाव आटा सैल करा, उचलल्यावर त्यांच्याशी जोर काढू नका. पाचरा ठोका. उचला, घोड्या लावा, जॅक हळूहळू सोडून सगळं वजन घोड्यांवर येऊ द्या. मग जॅक पुन्हा नुसता टेकेल एवढा वर आणून तिथेच ठेवा, चाक काढा आणि पट्टीखाली सरकवा. आणि वहिनींना हाक मारा. त्या हलवतील तेव्हा गाडी जरा जरी सरकली, डुलली किंवा कुठे कट्कन आवाज आला, तर कुरकुर न करता खाली घ्या आणि पहिल्यापासून लावा. मी आजही दोन-दोनदा लावतो.

वडिलांचा जॅक टाकू नका. आट्यांना ग्रीस लावा आणि डिकीत त्याच पंच्यात ठेवा, वाटेत स्टेपनी बदलायला तो चालेल. काम झाल्यावर चाकांचे नट समोरासमोरचे आलटून पालटून आवळा, शेवटचा जोर गाडी जमिनीवर आल्यावर द्या आणि पन्नासेक किलोमीटर चालवून झाली की एकदा परत आवळून पाहा.